पट्टी वाढवण्याआधी नळ मोजले : एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याचं प्रकरण

महाराष्ट्रातल्या एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेत 2018 ते 2022 या काळात पाणीपुरवठा आणि त्याच्या पैशांबाबत जे निर्णय झाले, ते इथे क्रमाने मांडले आहेत. त्या काळात मी लेखा विभागात होतो. बऱ्याच फाइली माझ्या टेबलावरून गेल्या, काहींवर माझी सही आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत. रकमाही रुपयांत दिलेल्या नाहीत. एका वर्षात पाणी देण्यावर होणारा खर्च 100 धरला आहे आणि बाकीचे आकडे त्या प्रमाणात, पूर्णांकात आहेत. पाण्याचा हिशेब असा शंभरात मांडला की तो नगरसेवकालाही पटकन कळतो. आम्हाला हे फार उशिरा सुचलं.

पार्श्वभूमी

नगरपरिषदांचा कारभार 1965 च्या अधिनियमाने चालतो. त्याच्या कलम 49 मध्ये आवश्यक कर्तव्यं वेगळी आणि ऐच्छिक कर्तव्यं वेगळी दिली आहेत. पिण्याचं पाणी हे आवश्यक कर्तव्य आहे. गावात पुतळा नसला तरी चालेल, उद्यान नसलं तरी चालेल, पाणी मात्र द्यावंच लागतं.

त्यासाठी पैसा कुठून येतो? 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली. तेव्हापासून तिच्या बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येतं आणि ते बहुतेक पगारात जातं. त्याशिवाय मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळेभाडं आणि वित्त आयोगाचा निधी. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे 2015 ते 2020 या वर्षांत, शहरांना मिळणाऱ्या निधीपैकी 80 टक्के मूलभूत अनुदान होतं आणि 20 टक्के कामगिरीवर अवलंबून. ते 20 टक्के हवे असतील तर लेखापरीक्षण झालेले हिशेब हवेत, स्वतःचं उत्पन्न वाढलेलं दिसायला हवं आणि सेवांची पातळी मोजून जाहीर करायला हवी. आमच्याकडे यातलं तिसरं काम कागदावर होत असे. पाणी मोजण्याचं मीटर जॅकवेलवर, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवर, बसवलेलं होतं, पण त्याचा काटा कित्येक वर्षं एकाच जागी होता. ‘पुरवलेलं पाणी’ या रकान्यात पंप किती तास चालला याला पंपाच्या क्षमतेने गुणून आकडा भरला जायचा.

योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने बांधून आमच्याकडे हस्तांतरित केलेली. पंप जुने झाले होते, गावठाणातली जलवाहिनी त्याहून जुनी. घरगुती नळ अर्धा इंची, मीटर नाही, वर्षाला ठरावीक पाणीपट्टी. शेवटची वाढ कधी झाली हे शोधायला मला तीन कपाटं उघडावी लागली होती.

2016 च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. आमच्याकडे नगराध्यक्षा एका पक्षाच्या आणि सभागृहात बहुमत दुसऱ्यांचं, असा निकाल लागला. पुढे जे घडलं त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे, पण वाटतो तितका वाईट नाही.

अडचण

2018 चा पावसाळा सप्टेंबरमध्येच आटोपला. 31 ऑक्टोबरला शासनाने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा तालुका होता. धरणातलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवलं गेलं. दिवसाआड येणारं पाणी पाचव्या दिवसावर गेलं, आणि उंचावरच्या वस्त्यांत सातव्या-आठव्या दिवसावर.

त्यातच डिसेंबरमध्ये वीज कंपनीची नोटीस आली. पंपिंगच्या जोडणीचं बिल अनेक महिने थकलं होतं. वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते, तशी ती दिली गेली. धरणात थोडं का होईना पाणी होतं, पण ते उपसायची वीजच तुटायची वेळ आली होती.

मुख्याधिकारी साहेबांनी मला बोलावून एकच विचारलं, “खात्यात मोकळे पैसे किती?” मोकळे पैसे नव्हते. होती ती ठेकेदारांची अनामत. काम घेताना सुरक्षा ठेव म्हणून त्यांच्याकडून घेतलेली ही रक्कम काम नीट पार पडल्यावर परत द्यायची असते. नगरपरिषदेचा तिच्यावर हक्क नाही, ती फक्त सांभाळायची.

त्या रकमेतून वीजबिलाचा मोठा हप्ता भरला गेला. मी टिपणीत लिहिलं की अनामत चालू खर्चाला वापरता येत नाही, मार्चअखेर भरून काढावी लागेल. त्याखाली ‘पाणीटंचाईची निकड पाहता’ अशा शब्दांनी सुरू होणारा शेरा आला आणि धनादेश निघाला. पुरवठा वाचला. त्या आठवड्यात मलाही हायसं वाटलं होतं, हे लपवत नाही. मार्चअखेर मात्र रक्कम भरून निघाली नाही. गटारींची छोटी कामं करणाऱ्या एका ठेकेदाराची अनामत 14 महिने अडकली. तो दर सोमवारी दुपारी खिडकीशी येऊन उभा राहायचा. चढ्या आवाजात कधी बोलला नाही, “साहेब, झालं का काही?” एवढंच विचारायचा. लेखापरीक्षणात आक्षेप आला तो वेगळाच.

हिशेब मांडला तेव्हा

जानेवारी 2019 मध्ये अर्थसंकल्पाची तयारी करताना आम्ही पहिल्यांदा पाण्याचा खर्च वेगळा काढला. तोवर वीज एका शीर्षात (हिशेबातल्या खर्चाच्या सदरात), पगार दुसऱ्यात, तुरटी तिसऱ्यात अशी विभागणी होती, त्यामुळे पाण्याला एकूण किती लागतं हे एका कागदावर कधी आलंच नव्हतं. खर्चाच्या 100 मध्ये वीज 52, पगार 24, गळती व दुरुस्ती 9, तुरटी आणि क्लोरीन 6, जलसंपदा विभागाला कच्च्या पाण्याचे 5 आणि बाकी किरकोळ.

पाणीपट्टीची वर्षाची मागणी, म्हणजे बिलांतून मागितलेली रक्कम, 46 होती, वसुली 29.

हे दोन आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. गावात सगळ्यांच्या तोंडी एकच असायचं, “वसुली करत नाहीत, म्हणून पैसे नाहीत.” वसुली कमी होती हे खरंच. पण शंभर टक्के वसुली झाली असती तरी 46 च येणार होते. उरलेले 54 आम्ही कुणाकडे मागतच नव्हतो. ते वित्त आयोगाच्या निधीतून आणि मालमत्ता करातून भरले जायचे, म्हणजे रस्त्याच्या, दिव्यांच्या आणि कचऱ्याच्या वाट्याचे पैसे पंपात जायचे. हे कधी कुठल्या सभेत ठरलं नव्हतं, वर्षानुवर्षं आपोआप होत आलं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता, पाणीपट्टी दुप्पट करायची. कागदावर खर्च जवळजवळ भरून निघत होता, आणि प्रशासनाचा कल इकडेच होता.

दुसरा, वित्त आयोगाच्या निधीतून थकबाकी फेडायची. मूलभूत सेवांसाठीच तो निधी असल्यामुळे यावर फार कुणी बोट ठेवलं नसतं. पण त्याच निधीतून गावठाणातली कुजलेली जलवाहिनी बदलायची होती. ती आणखी एक वर्ष पुढे गेली असती आणि गळती तशीच राहिली असती.

तिसरा, मालमत्ता कराच्या जुन्या थकबाकीवर जोर लावायचा. थकीत करावर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. जुन्या खात्यांत शास्ती मुद्दलाच्या पुढे गेली होती आणि असे थकबाकीदार शास्ती माफ झाल्याशिवाय एक रुपया द्यायला तयार नव्हते. पैसा होता, पण लवकर हाती येणारा नव्हता.

चौथा, ऐच्छिक सेवांवरचा खर्च कमी करायचा. वाचनालयाची संध्याकाळची वेळ बंद करायची आणि बागेतला एक माळी कमी करायचा.

पाचवा पर्याय पाणीपुरवठा अभियंत्यांनी सुचवला होता. पंपिंगच्या वीजबिलात पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेचा किती भाग खऱ्या कामी येतो याचं माप) कमी असल्याचा दंड दर महिन्याला लागत होता, कारण तो सुधारणारी कपॅसिटर बँक जळून गेली होती. ती बदलली असती तर दंड थांबला असता. दोन वर्षं हा प्रस्ताव ‘निधी उपलब्धतेनुसार’ या शेऱ्याखाली पडून होता. दंड भरायला मात्र दर महिन्याला पैसे निघत होते, कारण तो बिलातच मिसळलेला असायचा. मी स्वतः ती बिलं मंजुरीला ठेवत होतो आणि दंडाच्या ओळीवर माझी नजर कधी थांबली नव्हती.

जानेवारीतच आणखी एक कागद आला. वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या विशेष अनुदानातून आमच्या गावाला उद्यान मंजूर झालं होतं, मधोमध कारंजं असलेलं. पाण्यासाठी हंडे घेऊन बाया रांगेत उभ्या आणि हातात कारंज्याची मंजुरी. नगराध्यक्षांनी त्याऐवजी मीटर आणि व्हॉल्व्हसाठी पैसे द्यावेत म्हणून पत्र पाठवलं. मंजूर कामाचं प्रयोजन बदलता येणार नाही, असं उत्तर आलं. मग सभेत उद्यान स्वीकारण्याचा ठराव एकमताने झाला. शासनाकडून येणारे पैसे कोण परत पाठवणार? त्या ठरावात उद्यानाचं ठिकाण होतं, क्षेत्रफळ होतं, अंदाजपत्रकाचा क्रमांक होता. बांधून झाल्यावर ते चालवायचं कशातून, याची ओळ नव्हती. कुणी विचारली नाही आणि टिपणी तयार करताना आम्हीही लिहिली नाही.

फेब्रुवारीची सभा

अर्थसंकल्पाची विशेष सभा फेब्रुवारीत होती. विषयपत्रिकेवर पाणीपट्टी दुप्पट करण्याचा विषय होता. बाहेर हंडा मोर्चा, आत गच्च भरलेलं सभागृह.

विषय वाचून होतो न होतो तोच एक ज्येष्ठ सदस्य उठले. “पाणी आठव्या दिवशी आणि पट्टी दुप्पट? आम्ही कुठल्या गल्लीत तोंड दाखवायचं, अध्यक्ष महोदया?” बाकं वाजली. त्यानंतर माळावरच्या वस्तीतल्या एका सदस्या बोलल्या आणि सभेचं वळण बदललं. त्यांनी अभियंत्यांना विचारलं, “साहेब, गावात नळ किती आहेत?” अभियंत्यांनी रजिस्टरमधला आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, “हा तुमच्या वहीतला आकडा झाला. माझ्या गल्लीत तुमच्या वहीत नऊ नळ आहेत. मी काल मोजले, सोळा आहेत. त्या सात जणांना पट्टी दुप्पट काय न् चौपट काय!”

उत्तर कुणाकडेच नव्हतं.

प्रशासनाचं म्हणणं होतं की वाढ आत्ताच करावी, सर्वेक्षण मागाहून होईल. लोकसभेची आचारसंहिता कधीही लागेल आणि मग वर्ष हातचं जाईल, हा मुद्दा खरा होता. बहुमताच्या गटाला निवडणुकीच्या तोंडावर वाढ नकोच होती. त्यांचं कारण राजकीय होतं हे सगळ्यांना दिसत होतं. नगराध्यक्षांच्या बाजूचे लोक वाढीसाठी मतदान घ्या म्हणून अडून बसले असते, तर विषय फेटाळला गेला असता आणि पुढची दोन वर्षं पाणीपट्टीचं नाव काढता आलं नसतं. नगराध्यक्षांनी तो मतदानाला टाकलाच नाही. माळावरच्या सदस्या विरोधी गटाच्या होत्या. त्यांनाच सूचक करून ठराव मांडला गेला: आधी सर्व नळजोडण्यांचं घरोघर सर्वेक्षण, पाणी सोडण्याचं समान वेळापत्रक आणि कपॅसिटर बँक बदलणं. वाढीचा विषय सर्वेक्षणाचा अहवाल आल्यावर.

या सगळ्या प्रकरणात मला महत्त्वाचा वाटतो तो हा क्षण. तेव्हा मात्र मी नाराज होतो. वाढ टळली म्हणजे अनामत भरून निघणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

त्याच सभेत वाचनालयाची संध्याकाळची वेळ बंद करण्याचा विषय पाच मिनिटांत मंजूर झाला. काहीतरी काटकसर केली हे दाखवायला तो सोयीचा होता.

आचारसंहितेतले अडीच महिने

10 मार्च 2019 ला लोकसभेची आचारसंहिता लागली, 23 मेला मतमोजणी झाली. या काळात नवी कामं जाहीर करता येत नाहीत, भूमिपूजनं होत नाहीत, सभा जवळजवळ थांबतात. पण आधी मंजूर झालेलं काम चालू ठेवता येतं. आमच्याकडे फेब्रुवारीचा ठराव होता. एरवी भूमिपूजनाच्या तयारीत जाणारा वेळ या कामाला मिळाला.

सर्वेक्षणाला बचत गटांतल्या महिला घेतल्या. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानामुळे त्यांचे गट नगरपरिषदेशी आधीच जोडलेले होते. आमचा करवसुली लिपिक दारात उभा राहिला की लोक बाहेरूनच बोलून पाठवायचे. बायका मात्र थेट मोरीपर्यंत जायच्या, आणि चोरून घेतलेला नळ बहुतेक मोरीतच असतो. एका वाड्यात तर एकाच फेरूलवरून (मुख्य जलवाहिनीवरच्या जोडणीवरून) चार घरांना पाणी गेलं होतं आणि पट्टी येत होती ती वारलेल्या आजोबांच्या नावावर.

मेअखेर अहवाल आला. रजिस्टरमधल्या दर 100 जोडण्यांपैकी 13 जागेवर नव्हत्याच. घर पडलेलं, जोडणी तुटलेली, किंवा एकाच जोडणीची दोनदा नोंद. आणि रजिस्टरमधल्या दर 100 जोडण्यांमागे 31 जोडण्या अशा होत्या ज्यांची कुठेच नोंद नव्हती. म्हणजे 100 च्या जागी खऱ्या जोडण्या 118.

त्या 13 खोट्या नोंदींनी काय केलं होतं पाहा. त्यांच्यावर दरवर्षी मागणी लागायची, वसुली व्हायची नाही, थकबाकी फुगत जायची. वसुली पथकातल्या मुलांना ‘तुमची टक्केवारी कमी’ म्हणून दरवर्षी बोलणी बसायची. नसलेल्या घरांची वसुली ती पोरं आणणार कुठून?

दुसरं काम वेळापत्रकाचं. त्यासाठी मी आणि अभियंता एका पहाटे जुन्या व्हॉल्व्हमनबरोबर फिरलो. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांच्या पिशवीत शंभर पानी वही होती, पेन सुतळीने बांधलेलं. कुणी सांगितलं नसताना ते वर्षानुवर्षं रोज लिहीत आले होते. ‘टाकी 2. गढीखालचा व्हॉल्व्ह. 17 आटे. 5.40 ते 6.25.’ आटे म्हणजे व्हॉल्व्ह किती फेरे उघडला ते. खाली पुढची ओळ, ‘पेठ. पूर्ण. 6.30 ते 8.40.’ गढीला 45 मिनिटं आणि पेठेला 2 तास 10 मिनिटं. गढीचा भाग उंचावर, तिथे दाब कमी पडतो, म्हणजे खरं तर तिथे जास्त वेळ लागतो. मामांना विचारलं, असं का? ते म्हणाले, “पेठेचं पाणी लवकर बंद केलं तर फोन येतात. गढीवरून कोण फोन करतंय?”

आमच्या कार्यालयातल्या कुठल्याच नोंदीत हे नव्हतं. वहीवरून नवं वेळापत्रक बनवलं, उंचावरच्या भागांना वेळ वाढवली, पेठेची कमी केली. प्रत्येक प्रभागात भिंतीवर ते रंगवून घेतलं. पहिले दोन आठवडे पेठेतून खूप फोन आले, मामांनाही आणि आम्हालाही. नगराध्यक्षा स्वतः पेठेत राहायच्या, त्यांच्या घरचंही पाणी कमी झालं. त्यांनी वेळापत्रक बदलू दिलं नाही. त्यांनी तेव्हा माघार घेतली असती तर बाकी सगळं कोसळलं असतं असं मला वाटतं, कारण भिंतीवर लिहिलेलं महिनाभरात खोटं ठरलं असतं.

कपॅसिटर बँक एप्रिलमध्ये बसली. मेच्या बिलात दंडाची ओळ नव्हती. एका पंपाचं इंपेलर (आत फिरून पाणी ढकलणारं चाक) झिजलं होतं, तेही बदललं. वीजखर्च 52 वरून 44 वर आला.

जुलैचा ठराव

जूनमध्ये पुन्हा हिशेब मांडला. खर्च 100 वरून 92. सगळ्या 118 जोडण्या पट्टीखाली आल्या तर जुन्याच दराने मागणी 46 ऐवजी 54. म्हणजे खर्च भागवायला दर 1.7 पट हवा होता, फेब्रुवारीच्या आकड्यांवर 2.17 पट लागला असता. सर्वसाधारण सभेत हा कागद एका पानावर दिला. दर वर्षी 20 टक्के, अशी तीन वर्षं वाढ केली की दर 1.73 पट होतो, हेही त्यावर लिहिलं होतं.

सभा जुलैत घेणं भाग होतं. विधानसभेची आचारसंहिता येणार हे दिसत होतं, आणि ती 21 सप्टेंबरला लागलीही. त्याआधी ठराव, हरकती, सुनावणी सगळं उरकायचं होतं.

वाद दरावर झाला नाही. तो झाला बेकायदा जोडण्यांवर. एका गटाला दंडासह नियमित करायच्या होत्या. दुसऱ्याचं म्हणणं होतं की दंड लावला तर कुणी पुढे येणार नाही, आणि नळ तोडायला गेलं तर दंगा होईल. शेवटी तीन महिन्यांची मुदत, फक्त जोडणी शुल्क, दंड नाही, असं ठरलं. मतदान झालं, आणि दोन्ही गटांची मतं फुटली.

ज्यांनी वर्षानुवर्षं वेळेवर पट्टी भरली त्यांना हा निर्णय जिव्हारी लागला. “मग आम्ही काय मूर्ख होतो का?” हा प्रश्न मी खिडकीवर निदान पन्नासदा ऐकला. त्यांची बाजू बरोबर होती आणि आमच्याकडे त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. नियमित भरणाऱ्यांना त्याच ठरावात एका वर्षाची थोडी सूट द्यायला हवी होती. तशी सूचना एका सदस्याने मांडलीही होती, पण सभा लांबली होती आणि ती इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढ्यावर आटोपली.

काय झालं

नोंद नसलेल्या 31 पैकी 22 जोडण्या मुदतीत नियमित झाल्या. उरलेल्या 9 मध्ये काही दांडगे लोक होते, आणि काही अगदी गरीब, ज्यांना जोडणी शुल्कही झेपणारं नव्हतं. गरिबांसाठी हप्ते ठेवायला हवे होते. दोघांना एकाच नावाने ‘बेकायदा’ म्हटल्यामुळे हा फरक आम्हाला दिसला नाही.

पहिली 20 टक्के वाढ 1 एप्रिल 2020 पासून लागू होती. 25 मार्चला टाळेबंदी सुरू झाली. बिलं छापून गठ्ठ्यात पडून राहिली आणि वाढ एक वर्ष पुढे ढकलली गेली. ते बरोबरच होतं. वाढ एप्रिल 2021 मध्ये लागू झाली. मोर्चा निघाला नाही. दुसरी वाढ सभागृहाने शेवटच्या महिन्यांत, निवडणूक डोळ्यांपुढे ठेवून पुढे ढकलली. 2022 च्या सुरुवातीला मुदत संपली, प्रशासक आले, आणि आरक्षणाच्या वादात निवडणुका 2025 च्या अखेरपर्यंत लांबल्या. दुसरी वाढ प्रशासकांच्या काळात झाली, सभा नाही, चर्चा नाही. तिला झालेला विरोध पहिल्या वाढीपेक्षा जास्त होता.

2021-22 च्या अखेरीस वीजदर वाढून खर्च पुन्हा 100 वर आला होता आणि वसुली 48 होती. 2018-19 मध्ये 29 होती. पाणी दिवसाआड येऊ लागलं, पण त्याचं श्रेय ठरावांना देणं बरोबर नाही. 2019 ला पाऊस चांगला झाला आणि धरण भरलं. ठरावांचं श्रेय एवढंच की गढीवर आणि पेठेत पाणी सारखं येऊ लागलं.

उद्यान झालं. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी चाललं, त्यानंतर मोजके दिवस. झाडं जगली, कारण तिथे पुढे बोअर घेतली.

वाचनालयाची संध्याकाळची वेळ आठ महिन्यांनी परत सुरू झाली. वाचलेली रक्कम आमच्या शंभराच्या हिशेबात 1 सुद्धा भरली नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं तेवढे महिने बसस्थानकाच्या दिव्याखाली बसायची. त्यातला एक मुलगा अर्ज घेऊन आमच्याकडे आला होता, त्यावर सगळ्या मुलांच्या सह्या होत्या. तो अर्ज आम्ही ‘योग्य कार्यवाहीसाठी’ पुढे पाठवला, आणि तो तीन टेबलं फिरला.

काय वेगळं करता आलं असतं

अनामतीला हात लावायला नको होता. नोटीस आणि तोडणी यांमध्ये 15 दिवस होते. तेवढ्यात वीज कंपनीकडे हप्ते मागता आले असते, जिल्हाधिकाऱ्यांकडे टंचाईचं कारण घेऊन जाता आलं असतं. आम्ही यातलं काही करून पाहिलं नाही. पैसे समोर दिसले आणि वापरले. माझी टिपणी नियमाला धरून होती, पण धनादेशावर दुसरी सही माझी होती. नुसती हरकत नोंदवून थांबण्याऐवजी मी या दोन वाटा टिपणीत लिहायला हव्या होत्या.

कपॅसिटरचा प्रस्ताव दोन वर्षं का पडून राहिला, याचा शोध घेताना कळलं की दंड आणि दुरुस्ती यांची शीर्षं वेगळी होती. दंड वीजबिलाच्या शीर्षातून जायचा आणि तिथे तरतूद नेहमी असायची. दुरुस्तीच्या शीर्षात नसायची. एका शीर्षातली बचत दुसऱ्या शीर्षात दिसत नाही, त्यामुळे ती कुणी मागत नाही. पाण्याचा सगळा खर्च एका पानावर दरवर्षी सभेपुढे ठेवला असता तर हे पहिल्याच वर्षी दिसलं असतं. 2019 पासून तसं पान ठेवलं जातं.

वाढ आणि सुधारणा यांचा क्रम आमच्याकडे योगायोगाने बरोबर लागला. बहुमताने निवडणुकीच्या भीतीने वाढ अडवली, म्हणून सर्वेक्षण आधी झालं. प्रशासनाला हवं होतं तसं फेब्रुवारीतच दर दुप्पट झाले असते, तर ते नोंद असलेल्या, मुळात भरणाऱ्या माणसांवरच पडले असते. दुसऱ्या वाढीच्या वेळी हा क्रम विसरला गेला. तोवर मीटर बसले नव्हते, गावठाणातली जलवाहिनी अर्धीच बदलली होती, आणि लोकांना दाखवायला नवं काही नव्हतं.

नव्या कामांच्या टिपणीत आता एक रकाना वाढवला आहे, ‘दरवर्षी चालवण्याचा खर्च व तो कोणत्या शीर्षातून’. उद्यानानंतर माळावरच्या त्याच सदस्यांनी हा आग्रह धरला होता. प्रशासकांच्या काळात तो रकाना बऱ्याचदा ‘निरंक’ भरला जात होता. रकाना मात्र कुणी काढून टाकलेला नाही.

मामा 2021 मध्ये निवृत्त झाले. जाताना त्यांनी वह्या अभियंत्यांकडे दिल्या, एकूण अकरा. त्यांच्या जागी आलेला मुलगा आता मोबाइलवर नोंद करतो, वेळ टाकतो, आटे टाकत नाही. ते टाकायला त्याला कुणीतरी सांगायला हवं.